व्यंगचित्र-नियतकालिकांतील सामाजिक उपहासाची दिशा : 'ल शारिवारी' आणि 'मार्मिक' यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

उपहास हा घटक पदवीच्या वर्गात शिकविताना प्रस्तुत लेखकाला एक अडचण वारंवार जाणवली आहे. फ्रान्सच्या राजाचे डोके टप्प्याटप्प्याने नासपतीत रूपांतरित होताना दाखविणारे १८३१चे चित्र फळ्यावर काढले, की सगळा वर्ग हसतो. मुंबईतील १९६०नंतरच्या व्यंगचित्रांचा विषय निघाला, की मात्र वर्ग एकसंध राहत नाही. उपनगरातील महाविद्यालयात एकाच बाकावर मालवणी, गुजराती, तमिळ आणि भोजपुरी बोलणाऱ्या घरांतील विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यांपैकी काही हसतात आणि काही हसणाऱ्यांकडे पाहत राहतात. दोन्ही चित्रे उपहासाचीच आहेत, दोन्ही साप्ताहिकांतून आलेली आहेत आणि दोन्हींच्या मागे अन्यायाची खरी जाणीव आहे. असे असूनही परिणामात एवढा फरक का पडावा, या प्रश्नातून प्रस्तुत लेखाची मांडणी झाली आहे.

मराठीत व्यंगचित्राकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एक रेषेच्या कौशल्याचे कौतुक करते, तर दुसरी चित्रकाराच्या राजकीय कारकिर्दीचा इतिहास सांगते. वसंत सरवटे यांच्यासारख्या व्यंगचित्रकाराने स्वतः या कलेविषयी गंभीर लेखन केले. तथापि, व्यंगचित्रे छापणारे नियतकालिक हा एक स्वतंत्र वाङ्मयीन घटक मानून, त्याचा वाचक कोण, त्याचे लक्ष्य कोण आणि या दोहोंमधील अंतर किती, असा विचार फारसा होत नाही. तो येथे केला आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. मूळ संदर्भ नाट्याचा असला, तरी त्यांचा किंचित विस्तारलेला अर्थ या विवेचनासाठी उपयोगी पडतो. वाचक ज्या चित्रात स्वतःला ओळखून हसतो, त्यातील उपहास येथे आत्मस्थ मानला आहे. ज्या चित्रात तो केवळ दुसऱ्याला ओळखतो, त्यातील उपहास परस्थ होय.

१. पॅरिस ते मुंबई : एक वंशावळ

पॅरिसमधील नियतकालिकाशी मुंबईतील साप्ताहिकाची तुलना ओढूनताणून केलेली वाटू नये, म्हणून प्रथम त्यांचे नाते पाहणे इष्ट ठरेल. शार्ल फिलिपाँ याने नोव्हेंबर १८३०मध्ये 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक आणि डिसेंबर १८३२मध्ये 'ल शारिवारी' हे दैनिक सुरू केले. लंडनमध्ये १८४१ साली 'पंच' निघाले, तेव्हा त्याने 'लंडनचे शारिवारी' असे उपशीर्षक धारण करून आपले ऋण उघडपणे मान्य केले. 'पंच'चे लोण लवकरच मुंबईत पोहोचले. १८५४मध्ये येथे 'पारसी पंच' निघाला आणि पुढे १८८८मध्ये त्याचेच 'हिंदी पंच' झाले. ठाण्याहून 'हिंदु पंच' हे मराठी साप्ताहिक निघत असे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी छापलेल्या मजकुरावरून १९०९मध्ये त्याच्यावर मानहानीचा दावा झाला. अशा रीतीने पॅरिसमधील एका छापखान्याची कल्पना दोन पिढ्यांत ठाण्याच्या खाडीपर्यंत आली होती.

या वंशावळीतील पहिल्या नावाचा अर्थ विशेष लक्षणीय आहे. 'शारिवारी' ही मूळची फ्रान्समधील लोकरूढी होय. म्हाताऱ्या विधुराने तरुण मुलीशी लग्न लावले किंवा गावाला न रुचणारे असे काही केले, की रात्री तरुणांचे टोळके त्याच्या दारापुढे जमे आणि भांडी, पातेली बडवून कर्कश गोंगाट करीत असे. आपल्याकडील शिमग्याची बोंब ज्याने ऐकली आहे, त्याला हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. शिमग्यात गावातील प्रतिष्ठितांच्याही नावाने बोंब मारली जाते आणि त्या दिवसापुरती ती कोणी मनावर घेत नाही. शारिवारीत मात्र बहुधा गाव एकीकडे आणि एकटे पडलेले घर दुसरीकडे, अशी विभागणी असे. वेगळे वागणाऱ्या शेजाऱ्याला जमावाने दिलेली ती शिक्षा होती. फिलिपाँने त्या गोंगाटाचे नाव घेतले आणि त्याचे तोंड राजवाड्याकडे वळविले. व्यंगचित्र-नियतकालिकाच्या घडणीत या दोन्ही शक्यता प्रारंभापासून आहेत. भांडी वाजविणारे हात तेच असतात. ती कोणाच्या दारापुढे वाजवायची, हा निर्णय संपादकाला प्रत्येक अंकागणिक नव्याने घ्यावा लागतो.

२. नासपती : सत्तेचे चिन्ह

१८३०च्या जुलै क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला, तो मुद्रणस्वातंत्र्याचे अभिवचन देऊन. वर्षभरातच फिलिपाँ न्यायालयात उभा होता. नोव्हेंबर १८३१च्या खटल्यात त्याने आपला बचाव रेखाटनाने केला. चार आकृती काढून त्याने राजाचा चेहरा क्रमाक्रमाने नासपतीत बदलत नेला आणि न्यायाधीशांना विचारले, की यांपैकी नेमकी कोणती आकृती गुन्हा ठरते? पहिली ठरत असेल, तर दुसरी तिच्यासारखी आहे. दुसरी ठरत असेल, तर तिसरी आहे, आणि चौथी ठरत असेल, तर बाजारातील प्रत्येक नासपतीवर खटला भरावा लागेल. त्याला सहा महिने कारावास आणि दोन हजार फ्रँक दंड झाला. पण नासपती पॅरिसच्या भिंतीभिंतींवर खडूने उमटू लागली. 'ला कारिकात्यूर'ची वर्गणी कारागिराला परवडण्याजोगी नव्हती. मात्र फिलिपाँचा मेहुणा ओबेर याच्या दुकानाच्या काचेत चित्रे लावलेली असत आणि ती फुकट पाहता येत. त्यामुळे वर्गणीदारांच्या कितीतरी पट प्रेक्षक या चित्रांना लाभला.

या चिन्हाचे तीन विशेष येथे नोंदविणे आवश्यक आहे. पहिला म्हणजे नासपती एका व्यक्तीची आहे आणि त्या व्यक्तीच्या हाती पोलीस, न्यायालय व तुरुंग आहेत. दुसरा विशेष असा, की ते चिन्ह काढणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. ओनोरे दोमिए याने राजाला 'गार्गांत्युआ' या खादाड राक्षसाच्या रूपात, गरिबांकडून आलेली नाणी गिळताना दाखविले आणि १८३२मध्ये सहा महिन्यांची शिक्षा भोगली. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा आहे. नासपतीमुळे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाही सामान्य माणसाकडे संशयाने पाहिले जात नाही. चौकातील फळवाला त्या चित्रामुळे अधिक असुरक्षित होत नाही.

३. १८३५नंतरची दोन वळणे

जुलै १८३५मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि त्याचे निमित्त करून सप्टेंबरमध्ये नवे कायदे आले. चित्र छापण्यापूर्वी शासनाची अनुमती घेणे बंधनकारक झाले. त्याआधीच, ऑगस्टअखेरीस, 'ला कारिकात्यूर' बंद पडले होते. या कायद्याच्या समर्थनार्थ केलेला युक्तिवाद आजही विचार करायला लावतो. सनदेने मत प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु चित्र हे मत नसून डोळ्यांशी बोलणारी कृती आहे, असे शासनाचे म्हणणे होते. त्यातून काढलेला बंदीचा निष्कर्ष अन्याय्य होता, यात शंका नाही. पण चित्र हे विधानापेक्षा कृतीच्या अधिक जवळ असते, हे निरीक्षण सहज टाकून देण्यासारखे नाही. त्याकडे आपण पुढे येणार आहोत.

राजाकडे जाणारा रस्ता बंद झाल्यावर 'ल शारिवारी' समाजाकडे वळले. फ्रेंच व्यंगचित्रांतील सामाजिक उपहासाला खरा बहर आला, तो या सक्तीतून. मात्र त्या उपहासाला दोन भिन्न वळणे लागली आणि समीक्षेने त्यांत भेद केला पाहिजे.

पहिले वळण रोबेर माकेरचे. हा रंगभूमीवरील एक भामटा. १८३६ ते १८३८ या काळात दोमिएने त्याच्यावर सुमारे शंभर चित्रांची मालिका केली आणि तिच्या मथळ्यांचा मजकूर फिलिपाँने पुरविला. माकेर कधी वकील असतो, कधी वैद्य, कधी दानशूर, कधी पत्रकार, तर कधी भागभांडवलाच्या कंपन्या उभारून भागधारकांना बुडविणारा प्रवर्तक. त्याला जात, धर्म वा प्रांत नाही. आहे ती केवळ एक रीत : दुसऱ्याच्या पैशावर प्रतिष्ठित होण्याची. 'ल शारिवारी'चा वर्गणीदार हाच भागधारक होता आणि संधी मिळाल्यास तोच लहानसा माकेरही होता. आँरी मॉनिए याचा जोझेफ प्रुदोम हा पोकळ गांभीर्याने बोलणारा मध्यमवर्गीयही याच जातकुळीतला. येथील उपहास आत्मस्थ आहे. वाचक आरशासमोर उभा आहे आणि त्याने आरशाची वर्गणीही भरली आहे.

दुसरे वळण 'निळ्या मोज्यां'चे. लेखन-वाचन करणाऱ्या स्त्रियांना तेव्हा या टोपणनावाने हिणवीत. १८४४मध्ये दोमिएने त्यांच्यावर मालिका काढली. लिहिण्यात गढलेली आई आणि दुर्लक्षित मूल, हे तिच्यातील परिचित चित्र. १८४८-४९मध्ये घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या आणि समाजवादी स्त्रियांवरही त्याने अशाच मालिका केल्या. ज्यांच्या हाती मताधिकारही नव्हता, त्या येथे लक्ष्य झाल्या. रेषा तीच, किंबहुना अधिक सफाईदार, पण शारिवारी पुन्हा आपल्या जुन्या दारापुढे जाऊन उभी राहिली. मराठी वाचकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नारायण बापूजी कानिटकर यांची 'तरुणी शिक्षण नाटिका' १८८६ची. शिकलेल्या स्त्रीला हसण्यात पॅरिस आणि पुणे यांच्यात फारसे अंतर नव्हते. एकाच कलावंताच्या हातून माकेर आणि 'निळे मोजे' दोन्ही उतरावेत, यावरून उपहासाचे मूल्य कौशल्यावरून ठरविता येत नाही, हे स्पष्ट व्हावे.

४. मराठीतील आत्मस्थ उपहास

'मार्मिक'कडे वळण्यापूर्वी मराठीतील एका वेगळ्या परंपरेची नोंद घेणे अगत्याचे आहे. १९२०मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर (१८९१-१९७५) हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. 'टाकाच्या फेकी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या व्यंगचित्रांनी भिक्षुकशाही, अस्पृश्यता, बुवाबाजी आणि स्त्रियांवरील बंधने यांवर प्रहार केले. मासिक घेणारा वर्ग मराठी, सुशिक्षित आणि बहुतांशी उच्चवर्णीय होता. ज्या देवघराची आणि ज्या सोवळ्याची चित्रांतून टर उडविली जात होती, ते याच वाचकाच्या घरातले होते. आपल्याच वर्गणीदाराला दुखविण्याचा धोका पत्करून मासिक चालविणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. मराठी सामाजिक व्यंगचित्राच्या इतिहासात या कामगिरीला अजून पुरेसे स्थान मिळालेले नाही, असे वाटते.

५. 'मार्मिक' : 'थंड बसा' ते 'उठा'

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक'चा पहिला अंक निघाला. त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार म्हणून नाव मिळविलेले बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत ठाकरे यांनी ते सुरू केले, तर नाव सुचविले प्रबोधनकारांनी. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो हा बाळ ठाकरे यांचा आदर्श होता. ठसठशीत बाह्यरेषा, काळ्या-पांढऱ्याचा धीट तोल आणि चेहऱ्यातील एकच वैशिष्ट्य पकडून त्यावर चित्र उभे करण्याची हातोटी, हे त्यांच्या रेषेचे गुण निर्विवाद आहेत. 'रविवारची जत्रा' या मधल्या पानांवर आठवड्यातील राजकारणाची गर्दी भरलेली असे. प्रारंभीच्या काळात मंत्री, पक्षपुढारी आणि दिल्लीचे सत्ताधीश त्या जत्रेत सापडत. हे मराठी नासपतीचे दिवस होते आणि ते नाकारून 'मार्मिक'चे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल.

यानंतर साप्ताहिकाच्या केंद्रस्थानी एक वेगळा प्रश्न आला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रक्त सांडून मिळविलेल्या राजधानीत मराठी तरुणाला नोकरी मिळत नाही, ही भावना तीव्र होती आणि ती निराधार नव्हती. १९६१च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. कचेऱ्यांतील जागांबाबतची ही तक्रार 'मार्मिक'ने एका सदरातून मांडली. त्यात आस्थापनांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. सदराचे शीर्षक होते 'वाचा आणि थंड बसा'. पुढे ते बदलून 'वाचा आणि उठा' असे करण्यात आले.

हा शीर्षकबदल राजकीय इतिहासात नोंदला गेला आहे, पण त्याचा वाङ्मयीन अर्थ तपासला गेलेला नाही. 'वाचा आणि थंड बसा' यात शब्द एक सांगतात आणि अभिप्रेत अर्थ त्याच्या उलट आहे. हा शुद्ध उपरोध आहे आणि त्याचे लक्ष्य आहे मराठी वाचक. अन्याय दिसूनही स्वस्थ बसण्याची त्याची सवय येथे चिमटीत पकडली आहे. म्हणजे यादी परक्यांची असली, तरी हसे वाचकाचे होते, आणि शीर्षकापुरता तरी उपहास आत्मस्थ होता. 'वाचा आणि उठा' यात शब्द आणि अर्थ एकच झाले. उपरोध संपला आणि आज्ञा सुरू झाली. वाचकावरची नजर हटली आणि ती यादीतील नावांवर स्थिरावली. एका क्रियापदाच्या फरकाने साप्ताहिकातील हास्य आत्मस्थाकडून परस्थाकडे गेले. शिवाय यादी हा चित्राचा प्रकारच नव्हे. तिला रेषेची, अतिशयोक्तीची किंवा कल्पकतेची गरज नसते. व्यंगचित्र-साप्ताहिकातील सर्वांत परिणामकारक मजकूर व्यंगचित्रविरहित असावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. त्या काळच्या घोषणांत 'लुंगी' हा शब्द दाक्षिणात्यांचे चिन्ह म्हणून रूढ झाला. नासपती आणि लुंगी ही दोन चिन्हे शेजारी ठेवली, की प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर हाती येते. नासपती एका सत्ताधीशाची होती, तर लुंगी एका समूहाची. त्या समूहात अधिकारी होते, तसे टंकलेखक, लघुलेखक आणि खानावळीत टेबल पुसणारी पोरेही होती. नासपती काढणारा तुरुंगात गेला. लुंगीच्या बाबतीत जोखीम चित्रकाराकडून लुंगी नेसणाऱ्याकडे सरकली. उडुपी हॉटेलांवर दगड पडले, ते एखाद्या चित्रामुळेच पडले असे म्हणता येणार नाही. परंतु दगड कोणत्या दुकानावर मारायचा हे ओळखण्याची खूण मात्र आधीच सर्वांच्या परिचयाची झालेली होती. चित्र ही डोळ्यांशी बोलणारी कृती आहे, हे १८३५चे निरीक्षण येथे आठवते.

मेरी कॅट्झेनस्टाइन (१९७९) आणि दीपंकर गुप्ता (१९८२) यांनी या चळवळीचे समाजशास्त्रीय अभ्यास केले आहेत. व्यंगचित्राच्या अभ्यासकाने त्यात एक प्रश्न जोडावा असे वाटते. मुंबईतील भांडवल, जमीन आणि गिरण्या कोणाच्या हाती होत्या? कचेरीतील दाक्षिणात्य कारकुनाच्या हाती त्या निश्चितच नव्हत्या. तो मराठी कारकुनाचा प्रतिस्पर्धी होता, त्याचा धनी नव्हता. पॅरिसला भागभांडवलाचा खेळ दाखविणारा माकेर मिळाला. मुंबईत अशा माकेराला जागा भरपूर होती, पण तो साप्ताहिकाचे मध्यवर्ती पात्र झाला नाही. ती जागा शेजाऱ्याने व्यापली.

६. एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेतला जाईल, की उपहासाने केवळ वरच्यांनाच हसावे हा नियम नीतिशास्त्राचा आहे, कलेचा नव्हे. शिवाय अशा नियमाचा उपयोग शेवटी बंदी घालणाऱ्यांनाच होतो. आक्षेप रास्त आहे. २०१२ साली असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्याच वर्षी शंकर यांच्या १९४९च्या चित्रावरून पाठ्यपुस्तकाचा वाद संसदेत गाजला. २०१६मध्ये मराठा समाजाच्या मूक मोर्चांवर शाब्दिक कोटी करणारे व्यंगचित्र 'सामना'त आले, तेव्हा त्या दैनिकाच्या कचेऱ्यांवर दगडफेक झाली आणि पुढे पक्षप्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली. इतरांच्या दारापुढे वाजणारी भांडी एके दिवशी आपल्याही दारापुढे वाजतात, हे त्यातून दिसले. मात्र ती दगडफेकही तितकीच निषेधार्ह होती.

म्हणून प्रस्तुत लेखाचा आग्रह कोणतेही चित्र मागे घेण्याचा नाही. त्रिवेदी प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५मध्ये निर्णय देताना त्या चित्रांत विनोद वा उपरोध आढळत नसल्याचे म्हटले. तरीही हिंसेला चिथावणी नसल्यामुळे तो राजद्रोह ठरत नाही, असा निर्वाळाही दिला. हा भेद मोलाचा आहे. चित्र वाईट आहे असे म्हणणे हे समीक्षकाचे काम आहे. ते गुन्हा आहे की नाही, हा सर्वस्वी निराळा प्रश्न होय. समीक्षा आपले काम करीत नाही, तेव्हाच ते काम पोलीस आणि जमाव आपल्या हाती घेतात. शिवाय दिशेचा प्रश्न कलेच्या बाहेरचा नाही. व्यंगचित्र नमुन्यावर जगते. माकेरसारखा नमुना वाचकाला प्रत्येक नव्या चित्रात आजवर न दिसलेले काही दाखवितो. लुंगीसारखा नमुना त्याला आधीच ठाऊक असलेलेच पुन्हा पुन्हा ओळखायला लावतो. दुसऱ्या प्रकारात निरीक्षण थांबते आणि निरीक्षण थांबले, की रेषाही थांबते.

समारोप

व्यंगचित्र-नियतकालिक हे जमावाच्या गोंगाटातून जन्मलेले रूप आहे आणि त्याची दिशा त्याच्या रूपाने निश्चित होत नाही. 'ल शारिवारी'त माकेर आणि 'निळे मोजे' एकाच छापखान्यातून निघाले. 'मार्मिक'मध्ये सत्ताधीशांची जत्रा आणि शेजाऱ्यांची यादी एकाच साप्ताहिकात नांदली. तेव्हा या नियतकालिकांचा सरसकट गौरव किंवा सरसकट धिक्कार करण्यापेक्षा, कोणत्या चित्रात वाचक स्वतःला ओळखतो आणि कोणत्या चित्रात केवळ दुसऱ्याला, हे अंकाअंकाने तपासणे अधिक फलदायी ठरेल. असे काम मराठी विभागांतील संशोधकांनी हाती घ्यावे, अशी अपेक्षा आहे.

वर्गातील ती अडचण यामुळे नाहीशी होणार नाही. परंतु न हसलेल्या विद्यार्थ्याला 'विनोदबुद्धी नाही' असे म्हणून गप्प बसविण्याची सोय यापुढे शिक्षकाला राहू नये. त्याचे न हसणे हीदेखील त्या चित्राची एक समीक्षाच आहे. ती ऐकून घेतल्यावरच हसणाऱ्यांना आपण कशाला हसलो, हे सांगता येईल.